ओळखीचा शब्द आणि उताऱ्यावरचे प्रश्न

(गणेशोत्सवातील बौद्धिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीच्या कार्यवाहांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "उताऱ्यातल्या शब्दाचा अर्थ संदर्भावरून कसा लावायचा." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "काकू, थोडं हलकंफुलकं घेता येईल का? तुमच्यानंतर लगेच अंताक्षरी आहे." मी म्हटले, "बघते." तेव्हा जड वाटले तर दोष विषयाचा, हलके वाटले तर श्रेय कार्यवाहांचे.

गणपतीसमोर बोलायचे आहे म्हणून सुरुवात त्याच्याच गोष्टीने करते. महाभारत लिहून घ्यायला व्यासांना लेखनिक हवा होता. गणपती तयार झाला, पण त्याने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासही काही कमी नव्हते. त्यांनी उलट अट घातली, अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. मग स्वतःला उसंत हवी असली की व्यास मध्येच एक कूटश्लोक घालीत. गणपती क्षणभर विचारात पडे आणि तेवढ्यात व्यासांचे पुढचे श्लोक तयार होत.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. पण कूटश्लोक म्हणजे अवघड शब्दांचा श्लोक अशी आपली समजूत असते. पुष्कळदा तसे नसते. शब्द रोजचेच असतात, पण त्यांचा रोजचाच अर्थ घेतला की वाक्य उभे राहत नाही. म्हणजे साक्षात विद्येच्या देवतेला थांबावे लागे ते नव्या शब्दापाशी नव्हे, ओळखीच्या शब्दापाशी. मला आज एवढेच सांगायचे आहे. पण समितीने अर्धा तास दिला आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

मी रायपूरच्या एका शाळेत एकतीस वर्षे हिंदी आणि इंग्रजी शिकवले. या एकतीस वर्षांत परीक्षा पुष्कळ बदलल्या, पण एक प्रश्न काही गेला नाही. हिंदीत त्याला 'अपठित गद्यांश' म्हणतात, मराठी पेपरात 'उतारा', इंग्रजीत 'पॅसेज'. मुलाने पूर्वी न वाचलेला मजकूर द्यायचा आणि त्याखाली विचारायचे, अधोरेखित शब्दाचा येथे अर्थ काय? किंवा, अमुक अर्थाचा शब्द उताऱ्यातून शोधून लिहा. आपली मुले बँकेच्या परीक्षांना बसतात, तिथे उताऱ्यातले शब्दच गाळलेले असतात आणि ते भरायचे असतात. त्याला 'क्लोज टेस्ट' म्हणतात. ही पद्धत विल्सन टेलर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1953 मध्ये मांडली. गंमत म्हणजे त्याला मुलांची परीक्षा घ्यायची नव्हती, मजकुराची घ्यायची होती. ठरावीक अंतराने एकेक शब्द गाळायचा आणि वाचणाऱ्याला तो किती ठिकाणी भरता येतो ते पाहायचे, म्हणजे मजकूर सोपा की अवघड ते कळते. पुढे हत्यार उलटे फिरले आणि मुलांवर आले.

आपल्यापैकी काहींची नातवंडे अमेरिकेत आहेत. तिकडे कॉलेजप्रवेशासाठी जी 'सॅट' परीक्षा असते, तिच्यासाठी एके काळी मुले जाडजूड शब्दसूची पाठ करीत. आपल्याकडून पुढच्या शिक्षणाला जाणारी मुले 'जीआरई'साठी तेच करीत. माझ्या एका भाच्याने कपाटाच्या आतल्या बाजूला शब्द चिकटवले होते, शर्ट काढताना एक शब्द आणि ठेवताना दुसरा. 2011 मध्ये 'जीआरई'तून विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न गेले. 2016 मध्ये 'सॅट'मधूनही शब्दज्ञानाचे जुने प्रश्न गेले आणि त्यांच्या जागी 'या वाक्यात या शब्दाचा अर्थ काय' असे प्रश्न आले. आणि ते शब्द तरी कोणते? शब्दकोशाच्या तळाशी गाळात बसलेले नव्हेत, साधे. सातवीतल्या मुलाला येतील असे. तरीही चांगली चांगली मुले चुकतात.

का चुकतात, ते मला एका मुलीने शिकवले.

आठवीतली मुलगी, तात्यापाऱ्यातल्या मराठी घरातली. अभ्यासात हुशार, अक्षर मोत्यासारखे. हिंदीच्या पेपरात वाक्य होते, 'बूढ़े कुम्हार ने टूटे घड़े को जोड़ने की बहुत चेष्टा की, पर सफल न हुआ।' खाली 'चेष्टा' या शब्दाला चार पर्याय. तिने 'मज़ाक' या पर्यायावर खूण केली होती. तिच्या शेजारी बसणारी मुलगी अभनपूरकडच्या खेड्यातली, घरी छत्तीसगढी बोलणारी, वर्गात मागे पडणारी. तिचे उत्तर बरोबर होते, 'प्रयत्न'. मी दोघींना बोलावले. मागे पडणाऱ्या मुलीला विचारले, तुला कसे आले? ती म्हणाली, "मॅडम, शब्द नहीं आता था, तो पूरा लाइन पढ़ी। सफल नहीं हुआ लिखा है, तो कुछ कर ही रहा होगा।" आपली मुलगी मात्र रडकुंडीला आली आणि म्हणाली, "मॅडम, मला तर शब्द येत होता!"

मंडळी, शब्द येत होता म्हणूनच तो चुकला. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हे तिला पाळण्यापासून ठाऊक. त्यामुळे तिने वाक्याकडे पाहिलेच नाही. सरळ पर्यायांकडे गेली, ओळखीचा चेहरा दिसला, खूण केली. जिला शब्द येत नव्हता ती थांबली, आणि थांबली म्हणून वाचली.

तोपर्यंत मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आले होते, "अवघड शब्दाखाली रेघ मारा आणि त्याच्याकडे लक्ष द्या." हा सल्ला देऊन मी किती मुलांचे नुकसान केले असेल देव जाणे. अवघड शब्दाकडे लक्ष आपोआप जाते, त्याला रेघ कशाला हवी?

हे सगळ्यांनाच लागू आहे, पण आपल्याला दुप्पट लागू आहे. कारण आपण रायपूरचे मराठी. दोन भाषा, लिपी एकच, आणि निम्मे शब्द दोन्हींत सारखे दिसणारे. तमिळ माणूस हिंदी वाचतो तेव्हा त्याला प्रत्येक शब्द परका असतो, तो जपून चालतो. आपण मात्र घरच्या अंगणात चालावे तसे चालतो आणि ठेचकाळतो. 'शिक्षा' हे उदाहरण जुने झाले, ते सोडून देते. पण आमचे साताऱ्याचे एक पाहुणे शहरात 'यातायात पुलिस' ही पाटी वाचून म्हणाले होते, "तुमच्याकडे यातायातीसाठी वेगळे पोलीस ठेवलेत? आमच्याकडे सगळेच देतात." हेच पाहुणे आमचा पत्ता लिहून घेताना विचारत होते की तात्यापाऱ्यात थर्मामीटरचा कारखाना आहे का. त्यांच्या लेखी पारा म्हणजे थर्मामीटरमधला, आपल्या लेखी पारा म्हणजे वस्ती. उलट बाजूही ऐका. आपल्यातलाच एक मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. फॉर्मवर लिहिले होते, 'येथे सही करा.' त्याने तिथे बरोबरची खूण करून फॉर्म दिला. खिडकीतल्या बाईंना वाटले पोरगा थट्टा करतो आहे. चेष्टा करतो आहे, म्हणा हवे तर.

यावर आपण हसतो. पण सगळ्याच वेळी हसून भागत नाही. आमच्या घरी भागले नाही.

माझे बाबा वर्धा जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले. कामाचे कागद सगळे इंग्रजीत, बोलणे हिंदीत, घरात मराठी. हिंदी फाडफाड बोलत. पै पै साठवून त्यांनी शहराच्या कडेला एक प्लॉट घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. तेव्हा हे राज्य नव्हते, आपण मध्य प्रदेशात होतो. मी सातवीत असेन. पावसाळा होता, खारून नदी भरून वाहत होती आणि वर्तमानपत्रात रोज पुराच्या बातम्या. त्यातच एक दिवस आतल्या पानावर बारीक अक्षरात एक सूचना आली. आमच्या भागातल्या रस्त्याची आखणी आणि खाली मजकूर, 'दावा-आपत्ति पंद्रह दिवस के भीतर प्रस्तुत करें।' बाबांनी ती मोठ्याने वाचली. आई म्हणाली, "आपल्याला काही करायचं आहे का?" बाबा म्हणाले, "आपल्यावर कुठली आपत्ती आली आहे? ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्यासाठी असेल ते." आणि पान उलटले.

हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. बाबांनाही कोणी तोंडी विचारले असते, "आपको कोई आपत्ति तो नहीं?" तर त्यांनी बरोबर उत्तर दिले असते. पण कागदावर तो शब्द दिसला तेव्हा मराठी डोळ्यांनी वाचला. त्यात पावसाळा, त्यात पूर. पंधरा दिवस गेले. कोणी हरकत घेतली नाही म्हणून आखणी कायम झाली आणि आमच्या पुढच्या अंगणातली अकरा फुटांची पट्टी गेली. तिच्यात आईचे तुळशीवृंदावन होते आणि शेवग्याचे झाड. हरकत घेतली असती तर जागा वाचलीच असती असे मी म्हणत नाही. पण ती घ्यायची होती हेच आम्हाला कळले नाही. बाबा या विषयावर कधी बोलले नाहीत. त्यांच्या पश्चात कागदपत्रे लावताना ते कात्रण सापडले. 'आपत्ति'खाली पेन्सिलीने रेघ होती आणि समासात एकच शब्द लिहिला होता, 'हरकत'. कधी लिहिला, कोणाला विचारून लिहिला, माहीत नाही.

मी शिक्षिका झाल्यावर त्या वाक्याकडे पुष्कळदा परत गेले. बाबांना तिथे वाचवणारे काही होते का? होते. अगदी शेजारीच होते. 'दावा' हा शब्द. पूरग्रस्त माणूस मदत मागेल, अर्ज करेल. दावा आणि आपत्ती अशी जोडी कशी जमेल? दुसरे, 'प्रस्तुत करें'. आपत्ती कोसळते, येते, ओढवते. ती कोणी सादर करत नाही. दोन शब्द दोन बाजूंनी ओरडून सांगत होते की मधल्याचा अर्थ वेगळा आहे. पण मधला ओळखीचा होता ना!

शेजारच्या शब्दावरून अर्थ ठरवायचा, ही युक्ती काही अमेरिकेतून आलेली नाही. आपल्याकडे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी भर्तृहरी नावाचा मोठा वैयाकरण होऊन गेला. त्याच्या 'वाक्यपदीय' ग्रंथात, एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तेव्हा नेमका कोणता घ्यायचा हे कशावरून ठरते त्याची यादीच आहे. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण अशी नावे आहेत. नावांना घाबरू नका, उदाहरणे घरगुती आहेत. राम म्हणजे कोण? दशरथाचा, की परशुराम, की बलराम? 'राम-लक्ष्मण' म्हटले की साहचर्यावरून दशरथाचा. 'राम आणि अर्जुन' यांचे वैर म्हटले की परशुराम, कारण तो अर्जुन पांडवांपैकी नव्हे, कार्तवीर्य. प्रकरणाचे उदाहरण तर आणखी छान आहे. 'सैंधव' म्हणजे मीठही आणि सिंधू देशाचा घोडाही. मालक म्हणाला, "सैंधव आण." जेवायला बसला असेल तर मीठ आणायचे, प्रवासाला निघाला असेल तर घोडा. नोकराने ताटाशी घोडा आणून उभा केला तर त्याचे शब्दज्ञान पक्के होते असे म्हणायचे, पण नोकरी जायची. 'दावा-आपत्ति' हे भर्तृहरीच्या हिशेबाने सरळ साहचर्याचे उदाहरण आहे.

आता परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी. आपल्या रविवारच्या मराठी वर्गात मी जे करून घेते तेच सांगते. प्रश्नात विचारलेला शब्द बोटाने झाकायचा. ओळखीचा असेल तर अवश्य झाकायचा. मग वाक्य वाचायचे आणि त्या जागी स्वतःचा एखादा साधा शब्द घालायचा, 'प्रयत्न', 'काम', 'वाईट काहीतरी', जे सुचेल ते. मग बोट काढायचे आणि पर्याय बघायचे. पर्याय आधी बघायचे नाहीत. पेपर काढणारा माणूस पर्यायांत नेमका तुमच्या ओळखीचा अर्थ ठेवतो. ते त्याचे कामच आहे, मीही एकतीस वर्षे तेच केले. शेवटी निवडलेला अर्थ वाक्यात परत घालून वाक्य मोठ्याने वाचायचे. परीक्षेत मनातल्या मनात. जोडशब्दांकडे लक्ष ठेवायचे. 'पण', 'तरीही', 'म्हणून', 'उलट' हे छोटे शब्द मुले गिळून टाकतात. कुंभाराच्या वाक्यात सगळा अर्थ त्या 'पर'मध्ये होता.

पण एका वाक्याने प्रत्येक वेळी भागत नाही, हेही मला एका मुलाने दाखवले. इंग्रजी उताऱ्यात होते, 'द डॉक्टर्स कुड नॉट अरेस्ट द डिसीज.' अरेस्ट म्हणजे पकडणे, पोलीस पकडतात ते. त्याने लिहिले, डॉक्टरांना रोग पकडता आला नाही, म्हणजे रोगाचे निदान झाले नाही. मराठीत आपण 'डॉक्टरांनी रोग बरोबर पकडला' म्हणतोच की! वाक्य उभे राहिले, ठणठणीत उभे राहिले, आणि तरीही चूक. कारण आधीच्याच वाक्यात सांगितले होते की रोगाचे नाव दोन महिन्यांपूर्वी कळले होते. तेव्हा इथे अरेस्ट म्हणजे थोपवणे. म्हणून मी आता मुलांना सांगते, एक वाक्य मागे आणि एक वाक्य पुढे. त्याला वेळ लागतो. शब्दाच्या प्रश्नाला अर्धे मिनिट जास्त द्या आणि निबंधातली 'प्रस्तावना' कमी करा.

संदर्भ कधी कधी फसवतोही. बाबांना पावसाळ्याने फसवले. 1983 मध्ये अमेरिकेत इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या वाचनातले संदर्भ तपासून त्यांचे प्रकार पाडले. काही अर्थाकडे नेमके नेणारे, काही ढोबळ दिशा देणारे, काही मुके, आणि काही चक्क चुकीच्या वाटेला लावणारे. मला त्यातले मुके संदर्भ महत्त्वाचे वाटतात. 'त्याने खिशातून एक अमुक काढले आणि तो निघून गेला.' आता ते अमुक किल्ली की रुमाल की तंबाखूची डबी, ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अशा वेळी मुलाने 'कळत नाही' म्हणावे. बँकेच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, तिथे 'कळत नाही' म्हणता येणे ही सुद्धा तयारीच आहे. आमच्या पिढीतल्या शिक्षकांनी 'काहीतरी लिहा, कोरे सोडू नका' असे शिकवले. चूक केली.

आणि पालकांसाठी एक आकडा. संदर्भावरून शब्द कळतात म्हणजे नुसते वाचत गेले की शब्द आपोआप पाठ होतात, असा एक गोड समज आहे. 1999 मध्ये दोन डच संशोधकांनी तोवरचे वीस प्रयोग एकत्र करून पाहिले. मुले सहज वाचताना भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी साधारण पंधरा शिकतात, असे निघाले. पंधरा! म्हणजे सुट्टीत एक पुस्तक वाचून घेतले आणि शब्दसंग्रह वाढला असे होत नाही. तोच शब्द पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वाक्यांत भेटावा लागतो. तेव्हा वाचायला लावा, पण महिनाभरात फळ मागू नका.

आता जरा वादाचा मुद्दा. संदर्भ म्हणजे फक्त उताऱ्यातली वाक्ये, की वाचणाऱ्याचे गावही? आपल्याकडे 'बासी' हा शब्द घ्या. हिंदीत बासी म्हणजे शिळे, नासायला आलेले. छत्तीसगढमध्ये बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ, कांदा, मिरचीबरोबर खायचा. उन्हाळ्यात त्यासारखे अन्न नाही. 2022 मध्ये तर 1 मे या कामगार दिनी राज्य सरकारच्या आवाहनावरून मोठमोठ्या साहेबांनी बोरे-बासी खातानाचे फोटो काढून घेतले. समजा उताऱ्यात आहे, 'किसान बासी खाकर खेत चला गया', आणि खाली प्रश्न, यावरून शेतकऱ्याबद्दल काय कळते? बाहेरगावचा पेपर काढणारा उत्तर ठरवेल, तो गरीब होता, त्याला ताजे अन्न मिळत नव्हते. माझ्या वर्गातली अभनपूरकडची मुलगी लिहील, तो पोटभर न्याहारी करून गेला. कोण चूक? गुण कापले जातील ते मुलीचे. मला ते पटत नाही. मी मुलांना सांगते की परीक्षेत आधी उताऱ्यातल्या पुराव्याकडे बघा. पण पेपर काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना, आणि त्यातले काही समोर बसले आहेत, त्यांना सांगते की आपण इथल्या मुलांसाठी पेपर काढतो, तर शब्द इथल्या कानांनी एकदा ऐकून बघा.

दोन भाषांच्या मध्ये राहण्यात तोटाच आहे असे मात्र समजू नका. याच रायपूरात पंडित माधवराव सप्रे राहिले, इथेच 1926 मध्ये वारले. बूढा तालाबाजवळची सप्रे शाळा त्यांच्याच नावाची. घरची भाषा मराठी आणि आयुष्यभर लिहिले हिंदीत. 1900 साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढले. समर्थांचा 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले ते त्यांनीच. गीतारहस्यासारखा ग्रंथ मराठीतून हिंदीत नेताना किती शब्द दोन्हींकडे सारखेच दिसत असतील याचा विचार करा. अनोळखी शब्दाला प्रतिशब्द शोधता येतो. सारखा दिसणारा शब्द मात्र तसाच उचलून ठेवावा की बदलावा, हे ओळीओळीला ठरवावे लागते. 'संसार' मराठीत घरातला, हिंदीत सगळे जग. 'अभिमान' मराठीत बहुधा मिरवण्याचा, हिंदीत बहुधा टाकून द्यायचा. सप्रे प्रत्येक वेळी काय करीत ते अभ्यासकांनी सांगावे. पण ज्याला दोन्हींतले अर्थ ठाऊक आहेत त्यालाच असे थांबता येते, आणि आपल्या मुलांना दोन्ही ठाऊक आहेत. इथे छत्तीसगढी धरून तिन्ही.

घड्याळ दाखवत आहेत. शेवटी एक छोटी परीक्षा घेऊन थांबते. ही मोठ्या माणसांसाठी आहे, मुलांनी ओरडून उत्तर सांगायचे नाही. मध्यंतरी वर्तमानपत्रात लोक अदालतीची बातमी होती. त्यात वाक्य होते, 'राजीनामा योग्य प्रकरणों का निराकरण किया जाएगा।' इथे राजीनामा म्हणजे काय? ... पहिल्या रांगेतून उत्तर आले, नोकरी सोडणे. आणखी कोणी? ... मागून आवाज आला तो कोणाचा? उभी राहा बाळ. काय म्हणालीस? "अदालत आहे, म्हणजे दोन पार्ट्या भांडत असतील. मग राजी होणं. समझौता." शाबास. हिंदी कोर्टकचेरीत राजीनामा म्हणजे आपसातली तडजोड. नोकरी सोडणाऱ्याचा तो 'इस्तीफा'. हा शब्द तू आधी ऐकला होतास? ... "नाही काकू." मराठीतला राजीनामाही नाही? ... "नाही."

पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना तो माहीत होता. बरे, आता अंताक्षरीवाल्यांचा जास्त वेळ घेत नाही. मराठी वर्ग दर रविवारी सकाळी दहाला मंडळाच्या सभागृहात असतो, वर्तमानपत्राची कात्रणे घेऊन या, मोठ्यांनीही यायला हरकत नाही. कोणाला आपत्ती असेल तर पंधरा दिवसांच्या आत कळवावी.

गणपती बाप्पा मोरया!